खांदेरीचे दीपगृह पाहायला साताऱ्याहून निघताना या चुका टाळा

अजिंक्यतारा किंवा सज्जनगड सवडीने चढण्याची सवय असलेले सातारकर खांदेरीला निघताना पहिली चूक करतात ती वेळ ठरवण्यात. अलिबागजवळच्या थळहून या बेटावर होडीनेच जावे लागते आणि ओहोटीत किनाऱ्यालगतचे पाणी बरेच मागे सरत असल्यामुळे, पुण्यामार्गे सुमारे अडीचशे किलोमीटर गाडी हाकून दुपारी पोहोचलेल्यांवर बेट लांबूनच पाहण्याची पाळी येऊ शकते. म्हणून आदल्या रात्री अलिबाग परिसरात मुक्काम करणे उत्तम. प्रतापगडावरून आंबेनळी घाटाने उतरायचे असेल, तर तो घाट दिवसाउजेडी पार करावा.

भरतीचा अंदाज तिथीवरून बांधता येतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे ऐन दुपारी बारा वाजता ओहोटी असते. एकादशीला भरती सव्वाआठच्या आसपास. हा केवळ अंदाज असल्याने होडीवाल्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावे, आणि जाण्याबरोबर परतीची वेळही ठरवावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो. पावसाळ्यात हा बेत आखूच नये.

होडी हुकलीच, तर हातावर हात ठेवून बसू नये. जी ओहोटी खांदेरीला आडवी येते, तीच अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची वाट मोकळी करते. मात्र भरती सुरू होण्याआधी तेथून परत निघावे. या दोन किल्ल्यांची गल्लत करून खांदेरीलाही चालत जाता येईल असे समजणारे भेटतात, याचे नवल वाटते.

दीपगृह शिवकालीन आहे, हाही गैरसमजच. किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये सुरू केले आणि ते थांबवू पाहणाऱ्या इंग्रजांशी समुद्रात झुंज झाली. दीपगृह मात्र 1867 चे, इंग्रजी अमदानीतले. ते सरकारी आस्थापन असल्यामुळे आत प्रवेश मिळेलच असे गृहीत धरू नये, चौकशी करूनच निघावे. आत जाता आले नाही तरी तटावरच्या तोफा, वेताळाचे देऊळ आणि आघात केल्यावर धातूसारखा नाद देणारा खडक पाहण्यात वेळ सहज जातो. त्या खडकावर मोठे दगड आपटण्याचा उत्साह मात्र आवरावा. बोटभर खड्याच्या टिचकीनेही तो वाजतो.