चेहऱ्यावर लेझर रिसरफेसिंग करताय? त्वचेचा प्रकार ठरवतानाच होणाऱ्या या चुका टाळा

‘माझी स्किन ऑइली आहे, मला लेझर चालेल ना?’ मुरमांचे खड्डे घालवायला आलेल्यांचा हा नेहमीचा पहिला प्रश्न. पण तेलकट, कोरडी, मिश्र ही वर्गवारी फेसवॉश निवडण्यापुरती ठीक आहे. लेझरनंतर घट्ट मलम चोपडल्यावर तेलकट चेहऱ्यावर पुटकुळ्या लवकर उठतात, एवढाच तिचा इथे संबंध. रिसरफेसिंगमध्ये त्वचेला मुद्दाम हजारो बारीक जखमा करतात. त्यामुळे पाहायचं असतं ते हे, की जखम भरताना तुमची त्वचा रंग किती ओतते आणि व्रण कसा धरते.

डॉक्टर यासाठी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी वापरतात. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती 1975 मध्ये मांडली, तीही अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवण्यासाठी. सुरुवातीला तीत गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्याकडचे बहुतेक चेहरे तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात येतात.

रंग पाहून प्रकार ठरवणं

‘मी गोरी आहे, मला काळजी नाही’ हा सर्वात महाग पडणारा गैरसमज. मोजपट्टी रंगाची नाही, उन्हात त्वचा कशी वागते याची आहे. दोन दिवस गोव्याच्या किनाऱ्यावर फिरून आल्यावर लाल होऊन सोलवटण्याऐवजी तुम्ही काळवंडत असाल, तर लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ लिहिलेलं असलं तरी लेझरच्या हिशेबात तुम्ही बहुधा चौथ्या प्रकारात आहात.

याहून भरवशाची खूण अंगावरच असते. दिवसाउजेडी खिडकीपाशी उभं राहा. फोडणीचं तेल उडालेल्या जागा, नडगीवरचे डास चावल्याचे डाग, गालावरच्या मागच्या महिन्यातल्या मुरमाची जागा नीट पाहा. डाग गुलाबी राहून तीन-चार आठवड्यांत गेला असेल तर धोका कमी. तपकिरी होऊन दोन-तीन महिने रेंगाळत असेल तर लेझरनंतरही तेच व्हायची शक्यता जास्त, फक्त ते सगळ्या चेहऱ्यावर होईल. मग कान टोचल्याची जागा, दंडावरची बीसीजीची खूण आणि छाती पाहा. व्रण जखमेच्या हद्दीबाहेर पसरून टणक, फुगलेला असेल तर तो केलॉइड. तो असेल तर रिसरफेसिंगचा विचार तिथेच थांबवावा, निदान डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘लेझर आधी केलंय, काही झालं नाही’

केस काढायचं लेझर आणि रिसरफेसिंगचं लेझर यांत नावाशिवाय फारसं साम्य नाही. केसांसाठीचे डायोड (810 नॅनोमीटर) किंवा एनडी-याग (1064) किरण रंगद्रव्य शोधतात. कार्बन डायऑक्साइड (10,600) आणि अर्बियम-याग (2940) किरण पाणी शोधतात, आणि पाणी सगळ्यांच्याच त्वचेत असतं. म्हणजे किरण पडताना गोरं-सावळं असा भेद होत नाही. भेद नंतर होतो: भोवती मुरलेल्या उष्णतेने दाह होतो, आणि सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी त्या दाहाला जास्त रंग सोडून उत्तर देतात.

म्हणून यंत्राची जातही महत्त्वाची. अर्बियम-याग भोवती उष्णता कमी सोडतं. 1550 नॅनोमीटरचं अर्बियम-ग्लास त्वचेचा वरचा थर जवळपास शाबूत ठेवतं. काळवंडण्याची भीती कमी, पण सत्रं जास्त लागतात. फ्रॅक्शनल सीओटू, म्हणजे मधली त्वचा शाबूत ठेवून सुटी-सुटी टिंबं मारणारं कार्बन डायऑक्साइड लेझर, खोल खड्ड्यांवर जोरकस चालतं, मात्र चौथ्या-पाचव्या प्रकारात ते फार जपून वापरावं लागतं. संपूर्ण पृष्ठभाग सोलणारं जुन्या पद्धतीचं सीओटू आपल्या त्वचेसाठी टाळलेलंच बरं.

एकाच सत्रात सगळं उरकण्याची घाई

पॅकेज घेताना ‘स्ट्राँग सेटिंग’ मागणारे बरेच असतात. ऊर्जा वाढवली की प्रत्येक टिंब खोल जातं. घनता वाढवली की टिंबं जवळजवळ येतात आणि मधल्या शाबूत त्वचेला थंड व्हायला जागा उरत नाही. सावळ्या त्वचेत डाग पडतात ते प्रामुख्याने घनता आणि एकावर एक मारलेले पास (यंत्राच्या फेऱ्या) यांमुळे. म्हणून घनता कमी, सत्रं जास्त आणि दोन सत्रांत सहा ते आठ आठवडे, हा क्रम योग्य. सोबत थंड हवेचा झोत हवाच. नंतर गालावर जाळीसारखे चौकोनी डाग उमटले, तर घनता जास्त झाली किंवा त्याच जागी यंत्राचा शिक्का पुन्हा बसला असं समजावं.

टेस्ट पॅच टाळू नका, आणि दुसऱ्या दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून निकालही लावू नका. काळपटपणा बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उगवतो. कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला छोटा चौकोन मारून चार ते सहा आठवडे थांबावं.

खड्ड्यांचा प्रकारही पाहून घ्या. सुईने टोचल्यासारखी अरुंद, खोल भोकं लेझरने फारशी भरत नाहीत. त्यांना टीसीए क्रॉस, म्हणजे भोकात तीव्र आम्लाचा थेंब टेकवणं, बरं. खालून ओढले गेलेले लाटांसारखे खड्डे आधी सुईने मोकळे करावे लागतात.

डॉक्टरांपासून लपवलेल्या गोष्टी

गालांवर वांग असेल आणि खड्डेही असतील, तर खड्ड्यांसाठी मारलेलं सीओटू वांग भडकवू शकतं. कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस (जांभळट, खाजरे चट्टे उठणारा त्वचारोग) सक्रिय असेल तर जखमेच्या जागी नवे चट्टे उठू शकतात. ओठांवर पाणीदार फोड येण्याची सवय असेल तर ते आधी सांगा. विषाणूविरोधी गोळ्या लेझरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सुरू करून त्वचा भरेपर्यंत घ्याव्या लागतात.

सगळ्यात जास्त लपतं ते ‘गोरं करणारं’ क्रीम. मोमेटासोन (हे स्टिरॉइड), हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेलं तिहेरी मलम महिनोन्‌महिने लावणारे ते औषध धरतच नाहीत, म्हणून विचारलं तरी ‘काही लावत नाही’ म्हणतात. स्टिरॉइडने पातळ, लाल झालेला चेहरा लेझरला तयार नसतो. घरातली सगळी ट्यूबं पिशवीत घालून तपासणीला न्या, ते उत्तम.

मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांबाबत पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगत. आता फ्रॅक्शनल लेझरसाठी तितकं थांबण्याला पुरेसा आधार नाही असं तज्ज्ञ मानतात. पूर्ण सोलणाऱ्या लेझरसाठी मात्र थांबावंच. गोळ्या चालू आहेत हे डॉक्टरांना माहीत हवं.

तारीख चुकवणं

उन्हाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर लेझर करू नये. ट्रेकहून आलात तर किमान चार आठवडे जाऊ द्या. लग्नाचा हिशेब उलटा मोजा: तीन सत्रांना साधारण तीन ते चार महिने, डाग पडलेच तर ते उतरायला आणखी तीन ते सहा. मे महिन्यातल्या मुहूर्तासाठी उशिरात उशिरा नोव्हेंबरात सुरुवात करावी लागते. एप्रिलमध्ये सत्र आणि मेमध्ये हळद असं करू नका. ओल्या-कोवळ्या त्वचेवर उटणं घासणं म्हणजे दाहाला आमंत्रण.

घरी आल्यावर

पहिल्या रात्री चेहरा तिखट चोळल्यासारखा भगभगतो. थंड सलाइनच्या घड्या दहा-दहा मिनिटं ठेवा, बर्फ थेट नको. तिसऱ्या दिवशी गालावरून बोट फिरवलं तर रवा पसरल्यासारखी खरखर लागते. त्या बारीक खपल्या पाच ते सात दिवसांत आपोआप गळतात. नखाने काढलेली खपली हे डागाचं सर्वात नेमकं कारण. व्हॅसलिनचा पातळ थर पुरे. कोरफड, लिंबू, बेसन, वाफ काही नको, आणि आठवडाभर पोळ्या-भाकऱ्यांची पाळी दुसऱ्याला द्या. दुचाकीवरचा घट्ट स्कार्फ घाम आणि घर्षण दोन्ही करतो. सैल सुती ओढणी आणि रुंद काठाची टोपी बरी.

खपल्या गेल्या की सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन घ्या. सावळ्या त्वचेत डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग वाढवतो, आणि साधी पांढरी सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाहीत.

काही बिघडलं तर

तिसऱ्या आठवड्यात तपकिरी छटा आली तर पुढचं सत्र पुढे ढकला. डॉक्टरांच्या सांगण्याने अझेलाइक आम्ल किंवा ठरावीक मुदतीपुरतं हायड्रोक्विनोन चालतं. वर्षभर स्वतःच्या मनाने लावलं तर राखाडी-निळसर डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. काळपटपणा उतरायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. तो घालवायला लगेच आणखी लेझर मारणं म्हणजे ज्या कारणाने डाग पडला तेच पुन्हा करणं.

चार-पाच दिवसांनी आग कमी व्हायच्या ऐवजी दुखणं वाढलं, घोळक्याने बारीक फोड किंवा पू दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. संसर्ग लांबला तर व्रण कायमचा राहतो. जबड्याची कड आणि मान इथे विशेष लक्ष ठेवा. मानेला तेलग्रंथी कमी असल्याने ती हळू भरते. तिथे एखादी जागा तीन-चार आठवड्यांनीही लाल राहून हाताला टणक लागत असेल, तर तो व्रण घट्ट होऊ लागलाय. सिलिकॉन जेल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन या टप्प्यावर काम करतं, सहा महिन्यांनी ते फार कमी उपयोगी पडतं.