जुना फ्लॅट विकताना डागडुजी किती करावी?

पंचवीस-तीस वर्षं वापरलेला फ्लॅट विकायला काढला की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, घेणारा तोडफोड करणारच, मग आपण कशाला खर्च करा? दुसऱ्याला नवं किचन, फॉल्स सीलिंग, सगळं हवं असतं. माझं मत पहिल्याच्या बाजूला झुकतं, पण पूर्ण नाही. घेणाऱ्याला शंका येईल ते दुरुस्त करा, आवडीनिवडीचं त्याच्यावर सोडा.

सुरुवात सोसायटीच्या ऑफिसातून करा. इमारत पुनर्विकासाला निघाली असेल आणि विकासक ठरत आला असेल, तर रंगावरही पैसे घालू नका. तिथं घेणारा चटई क्षेत्र आणि कागदपत्रं बघतो, भिंती नाही.

तसं नसेल तर पहिलं काम ओलीचं. पोपडे सुटलेल्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर हवा खेळत नाही, एवढंच. ओल भिंतीतलीच असेल तर उगम शोधा. गच्चीतून किंवा बाहेरच्या सामायिक पाइपातून गळत असेल, तर सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तो खर्च सोसायटीचा; लेखी अर्ज द्या. तुमच्याच बाथरूमचं पाणी मुरत असेल तर ते तुमच्या खिशातून. उगम बंद न करता वर लांबी आणि रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पहिल्याच पावसात डाग पुन्हा उमटतो, आणि घेणारा जाणकार असेल तर एकाच भिंतीवरचा ताजा रंग पाहून तो आधी तिथंच हात फिरवतो.

मग किरकोळ कामं: टपकणारे नळ, अडकणारा फ्लश, तडकलेले स्विच, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, बाथरूमच्या टाइल्समधल्या काळ्या सांधी. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनच्या एक-दोन दिवसांत हे उरकतं. खिडकीच्या ग्रिलचा गंज खरवडून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट द्या.

रंग सगळ्यात शेवटी. फिकट, एकच छटा. जांभळी ॲक्सेंट वॉल नको. पावसाळ्यानंतर भिंती वाळू द्या. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक तसंही फारसं फिरकत नाही, तेव्हा काम काढलं की दसऱ्याला घर दाखवायला तयार. हात तंग असेल तर हॉल आणि दारासमोरची भिंत, एवढ्यावरही भागतं.

काय करू नये? मोझॅक फरशी उखडून व्हिट्रिफाइड घालू नका, नुसती पॉलिश करून घ्या. कडाप्प्याचा ओटा धड असेल तर मॉड्युलर किचनचा विचार सोडा. तुमचे लाख-दीड लाख घेणाऱ्याच्या आवडीला उतरतीलच असं नाही. शिवाय गिऱ्हाईक कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर प्रामुख्यानं क्षेत्रफळ, इमारतीचं वय आणि परिसरातला भाव पाहतो. फॉल्स सीलिंगमुळे त्याचा आकडा फारसा हलत नाही.

बिलं जपून ठेवा, पण रंगाच्या बिलाकडून फार अपेक्षा नको. करासाठी भांडवली नफा (घर विकून झालेला फायदा) काढताना सुधारणेचा खर्च वजा करता येतो, मात्र नेहमीची रंगरंगोटी आणि दुरुस्ती सहसा त्यात धरत नाहीत. मोठं काम केलं असेल तर त्याची पावती सीएला दाखवा.