क्रोशाची बागवाली कॅरॅव्हॅन करताय? या चुका टाळा

बागवाली कॅरॅव्हॅन म्हणजे छोटीशी राहायची गाडी, खिडकीखाली फुलांच्या पेट्या, टपावरनं सुटलेला वेल आणि दारात कापून गोल नाहीतर टोकदार केलेली झाडं, नर्सरीत डुरांटाला आकार देऊन ठेवतात ना तसली. फोटोत लई गोड दिसते. करायला घेतल्यावर मात्र बऱ्याच जणींची अर्ध्यातच कपाटात जाऊन बसते आणि त्यात दोष गाडीचा नसतोय, झाडांचा असतोय. सगळ्याजणी गाडी आधी करतात, चांगली मोठी छान करतात, आणि मग झाडं करायला बसल्यावर कळतंय की एकतर झाड खिडकीपेक्षा मोठं होतंय, नाहीतर इतकं बारीक करावं लागतंय की सुई आतच शिरत नाही.

म्हणून झाड आधी, गाडी नंतर. तुमच्या दोऱ्यानं आणि तुमच्या हातानं सगळ्यात लहान कुंडी केवढी होतेय ते आधी करून बघा. हिशोब सोपा आहे. बारीक कॉटनचा दोरा आणि २ मिमीची सुई घेतली तर एक मुका खांब (क्रोशातला सगळ्यात साधा, बुटका टाका) साधारण ३ मिमी रुंद येतो, म्हणजे १२ टाक्यांच्या कुंडीचा घेर ३६ मिमी, आडवी मोजली तर सव्वा सेंटीमीटरच्या आतच. अशी कुंडी ठेवायची तर गाडी १२ सेंटीमीटर लांब पुरे, म्हणजे ४० टाके. तेच जाड आठ प्लाय लोकर घेतली तर टाका ५-६ मिमीचा होतो, तीच १२ टाक्यांची कुंडी आडवी २ सेंटीमीटरच्या आसपास जाते आणि मग गाडी २०-२२ सेंटीमीटरची करावी लागते, तेवढी लोकर आणि तेवढा कापूसही लागतो. दोन्ही चालतंय, फक्त आधी ठरवा. गाडी जाड लोकरीची आणि झाडं बारीक दोऱ्याची असं मिसळलं की झाडं चिकटवल्यासारखी उपरी दिसतात.

लोकर आणायला बेळगावात खडे बाजार नाहीतर गणपत गल्लीत गेलात की दुकानदार लेबल बघून सुई देतो, आठ प्लायला ४ मिमी. ती स्वेटरसाठी बरोबर आहे. भरून करायच्या वस्तूला त्यापेक्षा दोन-तीन नंबर बारीक, २.५ किंवा ३ मिमी घ्या, नाहीतर टाक्याटाक्यातनं पांढरा कापूस डोकावतो, आणि गडद हिरव्या झाडात तर तो लांबूनसुद्धा दिसतो. हात सैल असेल तर अजून अर्धा मिमी उतरा. बोटं दुखत असतील तर सुई वाजवीपेक्षा बारीक झालीय असं समजा, दात ओठ खाऊन ओढायची गरज नाही.

इंटरनेटवरनं पॅटर्न घेतला असेल तर तो अमेरिकन आहे का ब्रिटिश ते पहिलं बघा. अमेरिकनमधला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिशमधला डबल क्रोशे, दोन्ही म्हणजे आपला मुका खांबच. हे न बघता सुरू केलं की मुक्या खांबाच्या जागी उंच पुरे खांब पडतात आणि कुंडीची बादली होते. पॅटर्नमध्ये कुठंही 'सिंगल क्रोशे' लिहिलेलं दिसलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच वापरत नाहीत.

आता झाडं. इथंच सगळा खेळ आहे.

गोल झाड करायचं म्हणजे मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद करता येणारा दोऱ्याचा फास) ६ मुके खांब, मग १२, मग १८, तीन फेऱ्या साध्या, मग कमी करत १२, भरायचं, ६, आणि बंद. सगळ्यांना येतंय. तरीपण गोळा गोल न होता षटकोनी होतो, कडेला सहा कोपरे दिसायला लागतात. कारण वाढवलेला टाका प्रत्येक फेरीत आधीच्या वाढीच्या डोक्यावरच येतोय. पुढं २४ वर नेताना 'दोन साधे, एकात दोन' असं सरळ सुरू न करता आधी एकात दोन घाला, मग दोन साधे, म्हणजे वाढ सरकते आणि कोपरे मोडतात. मोठा गोळा असेल, २४-३० टाक्यांचा, तर हे करायलाच पाहिजे. कमी करताना भोकं पडतात ती दोन टाके पूर्ण उचलून एकत्र केल्यामुळं, त्याऐवजी दोन्ही टाक्यांच्या डोक्यावरच्या दोन फासांतला फक्त पुढचा फास उचला आणि एकत्र काढा, जोड शोधूनही सापडत नाही.

अजून एक. बऱ्याच जणींचा गोळा उलटा असतोय आणि त्यांना माहीतच नसतं. सुलट बाजूला छोटे व्ही दिसतात, उलट्या बाजूला आडव्या गाठीसारख्या रेषा. वाटीसारखं वळायला लागलं की एकदा बघून घ्या, उलटं असेल तर तिथंच पालथं करा, भरल्यावर काही करता येत नाही. एकटं झाड उलटं असलं तरी खपून जातंय, पण दोन झाडं शेजारी, एक सुलट एक उलट, की डोळ्यात सलतंय.

टोकदार झाडात उलटी अडचण. टोक हवंय तर रिंगमध्ये ६ नको, ४ घ्या, आणि एक फेरी साधी, एका फेरीत फक्त २ वाढवा, म्हणजे ४, ४, ६, ६, ८, ८ असं सावकाश. प्रत्येक फेरीत वाढवत गेलात तर शंकू व्हायच्या ऐवजी टोपी होते. आणि त्या दोन वाढी एकाच बाजूला येऊ देऊ नका, समोरासमोर घाला आणि दर वेळी थोड्या सरकवा, नाहीतर झाड वाऱ्यानं वाकल्यासारखं एका अंगाला कलतं. मार्कर (फेरीची खूण) लावत नसाल तर निदान फेरीच्या सुरुवातीला दुसऱ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, सतत गोल विणताना फेरी कुठं संपली ते नजरेनं कळत नाही.

गोल गोल पिळाचं झाड करायचं असेल तर ते तसं विणायच्या भानगडीत पडू नका. गडद हिरवा शंकू करा आणि पोपटी साखळी त्याच्याभोवती गुंडाळून शिवा. इथं चूक एवढीच होते की साखळी आधी अंदाजानं करून तोडतात आणि मग ती तीन बोटं कमी पडते. साखळीचा शेवटचा फास मोकळा ठेवा, खालनं वर शिवत या, टोकाला पोचलात की लागेल तेवढी वाढवा किंवा उसवा, मग दोरा कापा.

टपावरनं सोडायचा वेल कुरळा हवा असेल तर १५-२० साखळ्या करून परतताना प्रत्येक साखळीत २ किंवा ३ मुके खांब, आपोआप पीळ बसतो. पीळ बसत नसेल तर प्रत्येक साखळीत ३ च घाला. पानं वळून सुरळी होत असतील तर बहुतेक साखळी घट्ट झालीय, फक्त साखळीपुरती एक नंबर मोठी सुई घ्या.

"आक्का, झाड उभंच राहत नाही बघा की." हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. नुसत्या विणलेल्या खोडावर भरलेला गोळा उभा राहणारच नाही, मान टाकतो. आत काडी लागते. तार घालणार असाल तर साधी लोखंडी नको, आपल्याकडचा पावसाळा, त्यातनं खानापूरकडं तर विचारूच नका, तार गंजते आणि तो तांबूस डाग खोडातनं खाली कुंडीपर्यंत येतो. प्लास्टिक चढवलेली किंवा तांब्याची घ्या. नाहीतर जळून उरलेली उदबत्तीची बांबूची काडी, फुकटची आणि बरोबर मापाची. तिच्यावर तपकिरी दोरा गुंडाळा, वरचं टोक गोळ्यात निम्म्यापर्यंत आणि खालचं कुंडीच्या तळाला टेकेपर्यंत घाला. कुंडीचा तळ सपाट यावा म्हणून तळ झाल्यानंतरची पहिली फेरी फक्त मागच्या फासातनं विणा, कड एकदम धारदार वळते. झाड कुंडीत शिवून, वर मातीचा तपकिरी गोल बसवून, मगच कुंडी गाडीला लावायची.

आपल्याकडची झाडं केली तर अजून मजा येते, सगळं लॅव्हेंडरच कशाला पाहिजे. बेळगावातनं गोव्याला रोज भाजी जाते, तर दारात एक पेटी कोबीची ठेवा: ६ टाक्यांचा छोटा गोळा आणि भोवती दोन-तीन झालरीची पानं, झालर म्हणजे प्रत्येक टाक्यात ३. तिथं टाके जास्त होऊन कड लाटा मारते तेच हवं असतंय.

चाकात मात्र तेच नको. मुक्या खांबाच्या चपट्या गोलाला दर फेरीत ६ वाढ, पुऱ्या खांबाच्या गोलाला १२. कड लाटा मारायला लागली म्हणजे वाढ जास्त झाली, वाटीसारखी वर आली म्हणजे कमी पडली. हे एवढं लक्षात राहिलं तर उसवायचं काम निम्म्यानं कमी.

गाडीचं अंग करायला दोन बाजू आणि त्यांच्याभोवती फिरणारी एक लांब पट्टी हा सगळ्यात सोपा मार्ग. बाजू चौकोनी सुरू होते आणि वर जाईल तशी तिरकी होते, कारण ओळीच्या सुरुवातीचा नाहीतर शेवटचा टाका सुटतोय. वळताना एक साखळी, आणि पहिला टाका त्याच साखळीच्या बुडाशी. प्रत्येक ओळ मोजा, कंटाळा आला तरी. पट्टीची लांबी मात्र मोजत बसू नका, टाचण्या लावून बाजूभोवती फिरवून बघा आणि बरोबर पोचली की थांबा, गोल कोपऱ्यावर गणित चुकतंच.

आणि खिडक्या, दार, फुलांच्या पेट्या, भरतकामाची फुलं हे सगळं बाजू सुटी असतानाच लावायचं. गाडी बंद करून कापूस भरल्यावर आतनं गाठ मारता येत नाही, मग ग्लू गन निघते, आणि गरम गोंदाचे गोळे कितीही लपवले तरी उजेडात चमकतात.

बाजू ताठ राहाव्यात म्हणून आत पुठ्ठा घालतात. पुठ्ठा जुलैत ओल धरतो आणि फुगतो. जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापून घाला. तसंच वजनासाठी तळात तांदूळ नाहीतर डाळ भरायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, किडे होतात, दोन चपटे गोटे किंवा नट-बोल्टच्या दुकानातले वायसर कापडात गुंडाळून ठेवा. भरायला फायबरच बरा, साध्या कापसाच्या गुठळ्या होतात आणि ओल बसते.

ताठ करायला खळ लावायची सवय आपल्या भागात जुनी, वडगाव-शहापूरला माग चालतात तिथं सुताला खळ नवीन नाही. पण शोभेच्या वस्तूला भाताची पेज लावली की मुंग्या आणि कसर ठरलेली. पांढरा गोंद आणि पाणी निम्मं निम्मं करून पानांना ब्रशनं लावा, फक्त पानांना, आणि वस्तू ओलीपासून लांब ठेवा कारण हा गोंद पाण्यानं परत मऊ पडतो. ॲक्रिलिकवर इस्त्री तर अजिबात टेकवू नका, लोकर चपटी होऊन चमकते आणि परत फुगत नाही.

गाडी पुढं नाक टेकते ही तक्रार पण नेहमीची. खऱ्या छोट्या कॅरॅव्हॅनला बहुतेक वेळा मधोमध दोनच चाकं असतात आणि पुढं जोडायच्या दांड्याखाली एक लहान टेकूचं चाक. आपण दोन चाकं लावतो आणि ते तिसरं विसरतो. आपल्या बैलगाडीला जूखाली टेकू लावल्याशिवाय ती पुढं झुकलेलीच असते, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत सोडलेल्या गाड्या बघा. दांडा विणा, खाली ६-१२ चं लहान चाक, आतून काडी, झालं काम. झाडं सगळी एकाच बाजूला शिवली तर त्या बाजूला कलणारच, म्हणून शिवायच्या आधी टाचण्यांनी लावून गाडी टेबलावर ठेवून बघा.

लाल आणि गडद हिरवा कॉटन पांढऱ्या गाडीवर लावायच्या आधी वीतभर तुकडा भिजवून पांढऱ्या कापडात दाबा. रंग सुटला तर तो दोरा गाडीवर नको, कुशनला वापरा.

घरात तीन वर्षांखालचं पोर असेल तर सुटी झाडं, मणी, काड्या, तार यातलं काहीच नको. त्यांच्यासाठी झाडं सरळ गाडीच्या अंगावर भरतकामानं काढा आणि प्रत्येक दोऱ्याचं टोक कमीत कमी तीन वेळा उलटसुलट आत ओवून मगच कापा, पोरं पहिलं टोकच ओढतात.