दिवाणजींची वही आधी, सॉफ्टवेअर नंतर

इचलकरंजीत मी यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर बसवून देतो. हल्ली जो तो विचारतो, "फुकटातलं, आपल्याच मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" मी आधी दिवाणजींची वही मागतो.

वहीत बीम (ताण्याच्या सुताचे रूळ), ताके (विणलेल्या कापडाचे तुकडे), मीटर आणि मजुरी एवढंच असेल तर ग्रिस्ट घ्या; ते एक्सेलसारखं दिसणारं, पण आतून डेटाबेस असलेलं टूल आहे. आपल्याकडे मजुरी ५२ पिकाच्या दरानं ठरते (पीक म्हणजे कापडाच्या एका इंचातले आडवे धागे): ताक्याचे मीटर गुणिले पीक, भागिले ५२, गुणिले दर. ग्रिस्टमध्ये हे सूत्र अख्ख्या रकान्याला एकदाच लागतं, एक्सेलसारखं खाली ओढत बसायला नको. दर मात्र सूत्रात कोंबू नका. तो तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवा, नाहीतर दर वाढला की चुकती झालेली जुनी मजुरीही बदलून दिसेल आणि विणकर दारात उभा राहील. शिवाय ग्रिस्टचं प्रत्येक डॉक्युमेंट ही एक एसक्यूलाइट फाइल असते, म्हणजे अख्खा डेटाबेस एकाच फाइलीत, त्यामुळे बॅकअप सोपा.

कापडाच्या नमुन्यांचे फोटो, पार्ट्यांकडून भरून घ्यायचे फॉर्म असा पसारा असेल तर बेसरो हे ऑनलाइन तक्त्यांचं टूल बरं. त्याचा गाभा एमआयटी परवान्याचा, म्हणजे खुला आणि फुकट, पण काही सोयींना पैसे पडतात. आपल्याला लागणारी सोय त्यात नाही ना, हे आधीच पाहा. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये राहतो आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. नुसत्या डेटाबेसचा बॅकअप घेतलात तर फोटो गेले म्हणून समजा.

जुन्या सॉफ्टवेअरचा मायएसक्यूएल डेटाबेस पडून आहे? नोकोडीबी हे डेटाबेस तक्त्यांसारखा दाखवणारं टूल थेट त्यालाच जोडता येतं. सुरुवातीला फक्त वाचण्याचा हक्क असलेला युजर द्या.

जीएसटी बिलं, सुताचा साठा, उधारी आणि ताळेबंद सगळं एका जागी हवं असेल तर मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे अख्ख्या धंद्याचं सॉफ्टवेअर, आणि जीएसटीसाठी सोबत रेझिलिएंट टेकचं इंडिया कम्प्लायन्स ॲप. पण सीए टॅलीच मागत असेल आणि दिवाणजी एकटेच असतील, तर एवढा डोलारा उभारूच नका.

निवड पक्की करण्याआधी एका बीमची नोंद सूत आल्यापासून चलान निघेपर्यंत दिवाणजींकडूनच करून घ्या. मग त्याचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा. तिथे उघडला नाही, तर ते टूल तिथंच सोडा.

आणि हे टूल डॉकरवर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारी सोय) बसवत असाल तर एक ध्यानात ठेवा: डॉकरनं उघडलेले पोर्ट लिनक्सच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून जातात. एकाच मशीनवर वापरायचं असेल तर पोर्ट १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरता बांधा; बाहेरून लागेल त्याला वायरगार्ड (खासगी व्हीपीएन) द्या आणि पोर्ट वायरगार्डच्या पत्त्यावर बांधा.