निदानात्मक अनुकूली चाचणी: पुढचा प्रश्न द्यायचा की थांबायचं?

निदानात्मक अनुकूली चाचणी आधीच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडते आणि विद्यार्थ्याला कोणती कौशल्यं येतात, कोणती नाहीत हे शोधते. तिच्यात सगळ्यांना सरसकट 20 प्रश्न दिले तर एकाचं निदान बाराव्यालाच झालेलं असतं, दुसऱ्याचं विसाव्यालाही होत नाही. म्हणून थांबण्याचा निकष खात्रीवर ठेवा, प्रश्नांच्या संख्येवर नको.

निकाल कशासाठी वापरणार, हे आधी ठरवा. पाच कौशल्यांच्या ‘येतं / येत नाही’ अशा 32 प्रोफाइल होतात. पूर्ण प्रोफाइल हवी असेल तर सर्वाधिक संभाव्य प्रोफाइलची संभाव्यता 0.80 ओलांडेपर्यंत विचारत राहा. कुठल्या कौशल्याची उजळणी द्यायची एवढंच हवं असेल, तर प्रत्येक कौशल्य येत असण्याची संभाव्यता 0.90 च्या वर किंवा 0.10 च्या खाली गेली की पुरे.

हे दोन निकष एकच समजले जातात आणि तिथेच घोटाळा होतो. समजा, प्रत्येक प्रश्न एकाच कौशल्याचा आहे. ते न येणाऱ्याचं उत्तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता 0.20, येणाऱ्याचं चुकण्याची 0.10. सुरुवात 0.50 पासून केली, तर एका बरोबर उत्तराने संभाव्यता 0.82 होते, दोनांनी 0.95. पाचही कौशल्यं 0.95 वर आहेत, पण ती परस्परांपासून स्वतंत्र धरली तर पूर्ण प्रोफाइलची खात्री 0.79 च!

आता अंदाजाची खरी शक्यता 0.30 असेल तर? संगणक 0.95 दाखवेल, प्रत्यक्षात ती 0.90 असेल आणि प्रोफाइलची खात्री 0.59 वर येईल. चाचणी मात्र तितक्याच आत्मविश्वासाने थांबेल. त्यामुळे थोड्या विद्यार्थ्यांवर तपासलेल्या प्रश्नपेढीसाठी निकष कडक ठेवा आणि प्रत्येक कौशल्यावर किमान दोन-तीन प्रश्न झाल्याशिवाय थांबू नका.

दुसऱ्या क्रमांकाच्या प्रोफाइलवरही लक्ष हवं. ती 0.10 च्या खाली जातच नसेल, तर दोष बहुधा प्रश्नपेढीत असतो. अपूर्णांकांचा समच्छेद करणं आणि बेरीज ही कौशल्यं प्रत्येक प्रश्नात एकत्रच लागत असतील, तर फक्त एक येणारा आणि दोन्ही न येणारा यांत फरक करता येत नाही. शंभर प्रश्न विचारले तरी नाही. इथे एकेकट्या कौशल्याचे प्रश्न लिहावेच लागतात.

प्रश्नांच्या संख्येला कमाल मर्यादा तरीही लागतेच. तिथे पोहोचूनही खात्री झाली नाही, तर सर्वाधिक संभाव्य प्रोफाइल निदान म्हणून छापू नका. ज्या कौशल्याची खात्री झाली नाही त्यापुढे ‘अनिर्णित’ लिहा, म्हणजे शिक्षक तेवढंच तोंडी तपासू शकतील.