दुसऱ्याच्या अंकात आपला लेख छापून येण्यासाठी

दिवाळी अंकासाठी लेख पाठवायचा असेल, तर दिवाळी जवळ येण्याची वाट पाहू नये. बाजारात पणत्या दिसू लागतात तेव्हा अंक छापून झालेले असतात आणि मजकुराची निवड साधारणपणे जुलै-ऑगस्टमध्येच आटोपत आलेली असते. म्हणून संपादकांना पहिले पत्र मे-जूनमध्ये लिहावे. सोलापुरात त्या दिवसांत दुपारी घराबाहेर पडवत नाही, तेव्हा लिहायला सवडही मिळते.

पत्राआधी मात्र त्या नियतकालिकाचे मागील दोन-तीन अंक वाचून काढावेत. ते विकत घ्यावे लागतात असे नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ग्रंथालयात ते चाळता येतात. अनुक्रमणिका पाहताना लेखांची लांबी किती आहे, आपला विषय नुकताच येऊन गेला आहे का आणि अपरिचित लेखकांची नावे त्यात आहेत का, एवढे टिपून ठेवावे. तिन्ही अंकांत केवळ नामवंतच दिसत असतील, तर तिथे लेख निमंत्रणानेच घेतले जात असावेत असे समजून दुसरा अंक शोधावा. त्यात कमीपणा नाही.

खरी अडचण असते ती विषयाची. ‘सोलापुरी चादर’ या शीर्षकाचा लेख आपल्या गावातून आजवर कितीतरी संपादकांकडे गेला असेल, आणि त्यात चादरीची कीर्ती व तिला मिळालेले भौगोलिक मानांकन यांपलीकडे बहुधा काही नसते. त्याऐवजी चादरीवरचे फूल कसे उमटते, एवढाच विषय घ्यावा. जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते, पट्टीवरील छिद्रांनुसार ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे उचलले जातात, काही खालीच राहतात, आणि त्यातून नक्षी विणली जाते. अशा पट्ट्यांना छिद्रे पाडणाऱ्या कारागिराजवळ दोन दुपारी बसून, एखादे छिद्र चुकले तर कापडावर नेमके काय बिघडते हे त्याच्याकडून समजून घेऊन लिहिलेला लेख पुण्यात बसलेल्या संपादकाला अन्य कोणाकडून मिळणार नाही. माझ्या मते आपल्या गावाविषयी सर्व काही सांगण्याचा मोह हेच लेख परत येण्याचे मोठे कारण आहे.

वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी दिनविशेष धरून लिहिताना आणखी एक पथ्य आहे. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली, आणि त्याच सुमारास, संक्रांतीला, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्राही भरते. त्यामुळे त्या आठवड्यात स्थानिक पानांवर जागेची ओढाताण असते. अशा वेळी लेख डिसेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचलेला बरा.

पत्र लहान असावे. उदाहरणार्थ: ‘आपल्या मागील अंकातील हस्तव्यवसायांविषयीचा विभाग वाचला. जकार्डच्या पट्ट्या तयार करणाऱ्या सोलापुरातील एका कारागिरावर सुमारे १,२०० शब्दांचा लेख पाठवू इच्छितो. सोबत पहिला परिच्छेद व दोन छायाचित्रे जोडली आहेत. लेख अप्रकाशित असून अन्यत्र पाठवलेला नाही.’ यापुढे स्वतःविषयी दोन वाक्ये पुरेत. सन्मानपत्रांची यादी नको.

वरच्या नमुन्यातील शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहायला शिकलो. एकदा उत्तर येईना म्हणून तोच लेख मी दुसऱ्या अंकाकडे पाठवला, पहिल्यांना कळवले नाही, आणि दिवाळीत तो दोन्हीकडे छापून आला. दोन्ही संपादकांनी त्यानंतर माझ्या पत्रांना उत्तर दिले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. उत्तरासाठी पाच-सहा आठवडे थांबावे, मग एकदाच विनम्रपणे विचारावे, आणि तरीही शांतता असेल तर लेख मागे घेतल्याचे लेखी कळवून तो दुसरीकडे द्यावा.

मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करून वर्डच्या फाइलमध्ये पाठवावा, कारण जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत उघडू शकतो. छायाचित्रे त्या फाइलमध्ये चिकटवू नयेत. ती मूळ आकारात स्वतंत्र जोडावीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मागितली तर डॉक्युमेंट म्हणून धाडावीत.

लेख स्वीकारला गेल्यावर मानधनाविषयी तेव्हाच विचारावे. छापून आल्यावर तो विषय काढणे दोघांनाही अवघड जाते. हक्क लिहून मागितले गेले, तर कागद वाचूनच सही करावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. पुढे लेखांचे पुस्तक काढायचे मनात असेल, तर एकदाच छापण्याची परवानगी देणे इष्ट.

अंक हाती आला की छापलेला लेख आपल्या मूळ प्रतीशी ओळीने ताडून पाहावा आणि संपादकांनी गाळलेली वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करावीत. माझ्या लेखांत ती बहुधा पहिल्या परिच्छेदात सापडतात.