काजूचं कलम: पातं, पट्टी आणि टोपी

कोकणात काजूचं मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडून केलेलं) जून ते ऑक्टोबरपर्यंत चांगलं लागतं. हात बसलेला असूनही कलमं मरत असतील, तर दोष बहुधा सामानात असतो.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, काड्या तोडायला आणि खुंटाचा, म्हणजे खालच्या रोपाचा, शेंडा उडवायला. काडीची पाचर, म्हणजे खालचं निमुळतं टोक, मात्र धारदार कलमचाकूने किंवा नव्या दाढीच्या ब्लेडनेच तासायची. काजूचा चीक पात्यावर वाळला की काप गुळगुळीत येत नाही, लाकडाचे तंतू उभे राहतात. पाचर बसते, पण मधे पोकळी राहून बुरशी धरते. म्हणून स्पिरिटचा बोळा हाताशी ठेवा. पातं ओढावं लागलं, की बदला. ब्लेडवर काटकसर करू नये.

काडी आठ-दहा दिवस आधी झाडावरच तयार करतात: पानं छाटायची, देठ ठेवायचे. बोट लावताच देठ गळले आणि शेंड्याचा डोळा फुगला, की 10–12 सेंमी लांब, पेन्सिलीएवढी काडी घ्या. ओलसर गोणपाटात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पाण्यात बुडवू नका. शक्यतो त्याच दिवशी वापरा.

खुंट 45–60 दिवसांचा. खालची पानं राखून साधारण 15 सेंमीवर छाटा, मधोमध 5–6 सेंमी चीर द्या. काडीची पाचरही तेवढीच, दोन्ही बाजूंनी तासलेली. काडी बारीक असेल तर निदान एका बाजूची साल सालीला जुळलीच पाहिजे.

जोडावर गुंडाळायची प्लास्टिकची पट्टी पातळ, 100 गेजची, दीड सेंमी रुंद, 30 सेंमी लांब. खालून वर गुंडाळा. कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर येतो, पाणी आत शिरत नाही. जाड पट्टी ताणली जात नाही, सैल राहते.

काडीवर घालायच्या टोपीसाठी 4 सेंमी रुंद, 15–20 सेंमी लांब पिशवी लागते. पेप्सीकोल्याची कोरी पिशवीही चालते. आतून ओली करून घाला, तोंड जोडाच्या खाली बांधा, डोळ्याला प्लास्टिक टेकू देऊ नका. आणि सावली हवीच: उन्हात टोपीखाली काडी अक्षरशः उकडते. पंधरा दिवसांनी, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी टोपी काढा. कोंब तीन-चार आठवड्यांत दिसतो. तोवर जोडाखालची खुंटाची फूट दर आठवड्याला खुडत राहा. जोड पक्का झाला की लागवडीआधी पट्टी उभी चिरून काढा. राहिली तर खोडात रुतते आणि कलम तिथेच मोडतं.